घरच्या कॉम्प्युटरला अँटिव्हायरस : कोणता घ्यायचा, आणि घ्यायचाच का?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. त्या दिवशी कोणाचा कॉम्प्युटर बंद पडला नाही. विंडोज १० आजही चालतं, फक्त त्याच्या सुरक्षेतली भोकं बुजवणारे नेहमीचे मोफत अपडेट येणं थांबलं. कोरोनाच्या काळात पोरांच्या ऑनलाइन शाळेसाठी घाईघाईने घेतलेले कितीतरी लॅपटॉप आपल्याकडे अजून याच विंडोजवर चालतात. त्यामुळे एक प्रश्न सारखा कानावर येतो : "चांगला अँटिव्हायरस टाकला की भागेल ना?" दुकानदार बहुतेक वेळा "हो" म्हणतो आणि काउंटरवरचा अँटिव्हायरसचा डबा पुढे सरकवतो.

माझं उत्तर "नाही भागणार" असं आहे. आणि ज्यांचं विंडोज ताजं आहे, त्यांच्यापैकी बहुतेकांना तो डबा विकत घ्यायची गरजच नाही. हे असं का, आणि कोणाला खरंच गरज आहे, ते मुळापासून बघू.

अँटिव्हायरस नक्की काय करतो?

नुकसान करण्यासाठी लिहिलेल्या कोणत्याही प्रोग्रॅमला मालवेअर म्हणतात. व्हायरस हा त्यातला एक प्रकार, आणि आता तर बराच मागे पडलेला. आज घरच्या कॉम्प्युटरला खरी भीती दोघांची. एक रॅन्समवेअर. हा तुमच्या सगळ्या फायलींना कुलूप घालतो आणि किल्लीसाठी खंडणी मागतो. दुसरा इन्फोस्टीलर. हा ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड गुपचूप उचलतो आणि काही मिनिटांत पसार होतो.

यांना पकडायच्या दोन रीती आहेत. एसटी स्टँडवर सराईत पाकीटमारांचे फोटो लावलेला फलक असतो. त्या फोटोतला माणूस दिसला की धरायचा, ही पहिली रीत. अँटिव्हायरस कंपन्या माहीत असलेल्या मालवेअरच्या खुणांची यादी ठेवतात आणि ती दिवसातून अनेकदा ताजी करतात. पण नवा पाकीटमार फलकावर नसतोच. त्याच्यासाठी गर्दीत साध्या कपड्यातला पोलीस उभा असतो. कोणती गाडी लागली याकडे याचं लक्ष नाही, हा लोकांच्या खिशांकडेच का बघतोय, असं तो ताडतो. अँटिव्हायरसची दुसरी रीत ही. एखादा प्रोग्रॅम अचानक शेकडो फायली धडाधड बदलू लागला तर त्याचं नाव यादीत नसलं तरी त्याला अडवायचं. शिवाय शंका आली की त्या फाइलची खूण इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरला पाठवायची आणि तिथून निकाल मागवायचा, हेही आता सगळेच करतात.

वागण्यावरून ओळखायचं म्हटलं की चुका होणारच. कधी चोर निसटतो, कधी सज्जन माणूस धरला जातो. फ्रेड कोहेन या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकातच गणिताने दाखवून दिलं होतं की प्रत्येक व्हायरस अचूक ओळखेल आणि निर्दोष प्रोग्रॅमला कधीच हात लावणार नाही असा प्रोग्रॅम लिहिताच येत नाही. तेव्हा डब्यावर "१०० टक्के संरक्षण" छापलेलं असेल तर ती जाहिरात समजावी.

विंडोजमध्ये एक आधीपासून बसवलेला आहे

विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर हा पूर्ण अँटिव्हायरस मुळातच येतो. स्टार्टमध्ये "विंडोज सिक्युरिटी" शोधा, तो तिथेच आहे. दुसरा कोणता अँटिव्हायरस टाकलेला नसेल तर तो या क्षणी चालूही असेल.

डिफेंडरची जुनी अपकीर्ती मात्र अजून पुसली गेलेली नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी स्वतंत्र चाचण्यांमध्ये तो तळाशी असायचा आणि तेव्हा "डिफेंडरवर विसंबू नका" हा सल्ला बरोबरच होता. आता चित्र पालटलं आहे. जर्मनीतल्या माग्डेबुर्गची एव्ही-टेस्ट ही संस्था संरक्षण, वेग आणि वापरातली सोय यांना प्रत्येकी ६ असे १८ गुण देते. गेल्या काही वर्षांत डिफेंडरने तिथे वारंवार पैकीच्या पैकी गुण मिळवले आहेत. पैसे घेणाऱ्या अनेक नामवंतांच्या पंगतीत तो आज बरोबरीने बसतो.

त्याची एक दुबळी बाजू आहे आणि ती आपल्याकडे महत्त्वाची ठरते. तो इंटरनेटवरच्या तपासणीवर बराच अवलंबून असतो. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्हज ही दुसरी संस्था नेट बंद ठेवूनही चाचणी घेते आणि तिथे डिफेंडर काही स्पर्धकांच्या मागे पडतो. घरी कायम वाय-फाय असेल तर याने काही बिघडत नाही. पण गावाकडे रेंज येते-जाते आणि फायलींची ने-आण पेनड्राइव्हवर चालते, अशा ठिकाणी हा फरक खरा आहे.

पेनड्राइव्हचं एक उदाहरण बघा. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढून आणली, घरी पेनड्राइव्ह लावला, तर सगळे फोल्डर शॉर्टकट झालेले. प्रत्येकाच्या चित्रावर कोपऱ्यात छोटा बाण. लोक घाबरून फॉरमॅट मारतात आणि दहावीची गुणपत्रिका, जमिनीचे उतारे सगळं घालवून बसतात. खरं तर बहुतेक वेळा मूळ फोल्डर तिथेच असतात. त्या मालवेअरने ते फक्त लपवलेले असतात आणि त्यांच्या जागी स्वतःला चालू करणारे शॉर्टकट मांडलेले असतात. शॉर्टकटवर डबल-क्लिक केलं की तो तुमच्या कॉम्प्युटरमध्ये शिरतो, वर तुमचा फोल्डरही उघडून दाखवतो, म्हणजे संशय यायला नको. अशा वेळी काही न उघडता आधी पेनड्राइव्ह स्कॅन करायचा, मग फाइल एक्स्प्लोररच्या "व्ह्यू"मध्ये लपलेल्या फायली दाखवायचा पर्याय चालू करायचा. काही प्रकारांत मूळ फोल्डरला सिस्टिम फाइलचा शिक्का मारलेला असतो, तेव्हा "प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स" लपवण्याची खूणही तेवढ्यापुरती काढावी लागते.

"फुकटचं ते चांगलं कसं असेल?"

ही शंका रास्त आहे. डिफेंडरच्या बाबतीत उत्तर सोपं आहे : तो फुकट नाही, त्याची किंमत विंडोजच्या परवान्यात आलेली आहे. विंडोज बदनाम झालं तर मायक्रोसॉफ्टचा धंदा बुडतो, म्हणून ते त्यावर खर्च करतात.

बाहेरून उतरवलेल्या मोफत अँटिव्हायरसबद्दल मात्र ही शंका जपून ठेवा. ॲव्हास्ट हा एके काळी जगातल्या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या मोफत अँटिव्हायरसपैकी एक. लोक कोणत्या वेबसाइटवर जातात याची माहिती ही कंपनी आपल्या जंपशॉट या उपकंपनीमार्फत विकत होती. २०२० च्या सुरुवातीला बातम्या फुटल्यावर जंपशॉट बंद झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ॲव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले आणि जाहिरातींसाठी अशी माहिती विकण्यावर बंदी घातली. तुमच्यावर कोणी पाळत ठेवू नये म्हणून टाकलेलं सॉफ्टवेअरच पाळत ठेवत होतं, याचा मला आजही संताप येतो. आता ती माहिती विकली जात नाही. तरी मोफत आवृत्त्या दर दोन दिवसांनी "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये अमुक समस्या आहेत, अपग्रेड करा" असं घाबरवत राहतात. डिफेंडर असताना हे का सहन करायचं?

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. नॉर्टन, ॲव्हास्ट, एव्हीजी आणि अविरा हे चारही आज जेन डिजिटल या एकाच कंपनीचे आहेत. "हा नको, तो घेऊ" म्हणताना पुष्कळदा आपण एकाच घरातल्या दोन खोल्यांमध्ये फिरत असतो.

मग विकत कोणी घ्यावा?

पेनड्राइव्हवर आणि तुटक्या नेटवर काम चालणाऱ्यांबद्दल वर लिहिलंच. ज्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर धंद्याचा हिशेब, ग्राहकांची कागदपत्रं, जीएसटीची विवरणपत्रं आहेत त्यांनीही विचार करावा. लहान मुलं कॉम्प्युटर वापरतात आणि पालकांना वेळेचं आणि वेबसाइटचं बंधन एकाच ठिकाणाहून घालायचं आहे, किंवा घरात तीन लॅपटॉप नि चार फोन आहेत आणि सगळ्यांचा एकच परवाना हवा आहे, तिथेही विकतचा पर्याय सोयीचा पडतो.

आणि एक कारण, जे तंत्रज्ञ मंडळी मोजतच नाहीत पण मला अगदी योग्य वाटतं. आई-वडील गावी एकटे राहतात, काही अडलं की फोन करून आपल्या भाषेत विचारता येईल असं कोणीतरी हवं असतं. डिफेंडरसाठी असा फोन कोणाला करणार? ज्या कंपनीची तुमच्या शहरात सेवा आहे, तिला त्यासाठी दिलेले पैसे वाया जात नाहीत.

क्विक हीलचं नाव इथे निघणारच. कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या कैलास काटकरांनी आणि त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी १९९० च्या दशकात पुण्यात हा अँटिव्हायरस उभा केला आणि २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. मराठी माणसाला याचं कौतुक असावं, मलाही आहे. पण निवड करताना क्विक हील असो, के७ असो की बिटडिफेंडर, कॅस्परस्की किंवा ईसेट, सगळ्यांना एकच फूटपट्टी लावावी. एव्ही-टेस्ट, एव्ही-कम्पॅरेटिव्हज आणि ब्रिटनची एसई लॅब्ज यांचे निकाल त्यांच्या वेबसाइटवर मोफत वाचता येतात. एकाच महिन्याचा निकाल बघून ठरवू नका, वर्ष-दोन वर्षांचे सलग बघा. ९९.६ आणि ९९.९ टक्क्यांच्या फरकाने घरच्या वापरात फारसं काही होत नाही. त्यापेक्षा निर्दोष फायलींना विनाकारण पकडण्याचा आकडा बघा, कारण तोच रोजचा वैताग होतो. एखादा ब्रँड या चाचण्यांमध्ये कुठेच दिसत नसेल तर तो घेऊच नका.

खरेदी करताना साधी किंवा मधली आवृत्ती पुरते. "टोटल", "प्रीमियम", "अल्टिमेट" असल्या नावांखाली व्हीपीएन (इंटरनेटवरची तुमची ये-जा झाकणारी सोय), रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही साफ करणारा, वेग वाढवणारा असा बराच भरणा असतो, त्यातलं बहुतेक घरी कधी उघडलंही जात नाही. डब्यावरची छापील किंमत आणि ऑनलाइन मिळणारी किंमत यांत मोठी तफावत असते, तेव्हा आधी तुलना करा. पहिल्या वर्षी घसघशीत सूट आणि दुसऱ्या वर्षी पूर्ण दराने आपोआप नूतनीकरण ही या धंद्याची जुनी पद्धत आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून असे आपोआप पैसे कापण्याआधी किमान २४ तास तुम्हाला सूचना यावी लागते. तो मेसेज वाचा, नको असेल तर तिथेच थांबवा.

"दोन टाकले तर दुप्पट सुरक्षा?"

नाही. दोघेही प्रत्येक फाइल उघडताना मध्ये पडतात, एकमेकांच्या कामावर संशय घेतात आणि कॉम्प्युटर रांगायला लागतो. दुसरा अँटिव्हायरस टाकला की विंडोज डिफेंडरला आपण होऊन बाजूला करतं, ते यामुळेच. जास्त धोका वेगळ्याच ठिकाणी आहे : नवीन लॅपटॉपसोबत आलेला, काही महिन्यांची मुदत संपलेला अँटिव्हायरस तसाच पडून असतो. स्वतः धड काम करत नाही आणि जागाही अडवून बसतो. त्याला अनइन्स्टॉल करा, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा आणि विंडोज सिक्युरिटीमध्ये डिफेंडर परत चालू झाला का ते डोळ्यांनी बघा.

"याने कॉम्प्युटर स्लो होतो त्याचं काय?"

थोडा होतोच, पण बहुतेक घरांत खरा गुन्हेगार फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क असते. अशा लॅपटॉपला दोन-तीन वर्षांच्या अँटिव्हायरसच्या पैशांत छोटी एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, बसवली तर तो वेगळाच लॅपटॉप वाटतो.

विंडोज १० वाल्यांनी काय करायचं?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे.

१२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा रॅन्समवेअर सुटला आणि काही दिवसांत दीडशेहून अधिक देशांत पसरला. त्याला कोणी काही क्लिक करण्याची गरज नव्हती. विंडोजमधल्या एका भोकातून तो नेटवर्कवरून एका कॉम्प्युटरमधून दुसऱ्यात आपला आपण शिरत होता. ते भोक बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे जवळपास दोन महिने आधी दिला होता. ज्यांनी तो घेतला ते वाचले. ज्यांनी "अपडेट नंतर करू" म्हटलं त्यांच्या फायलींना कुलूप लागलं, आणि त्यांतल्या अनेकांकडे अँटिव्हायरस होता.

त्यामुळे विंडोजचा अपडेट आणि अँटिव्हायरसचा अपडेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नीट लक्षात घ्या. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० वरच्या डिफेंडरला मालवेअरच्या खुणांची यादी ऑक्टोबर २०२८ पर्यंत पुरवायचं जाहीर केलं आहे. म्हणून डिफेंडर हिरवी खूण दाखवत राहील आणि लोकांना वाटेल सगळं ठीक आहे. पण खालच्या विंडोजमध्ये सापडणारी नवी भोकं त्याने बुजत नाहीत. विकतच्या अँटिव्हायरसनेही बुजत नाहीत.

आधी तुमचा कॉम्प्युटर विंडोज ११ घेतो का ते बघा. सेटिंग्जमधल्या अपडेटच्या पानावरच ते कळतं. साधारण २०१८ नंतरच्या प्रोसेसरचे बरेचसे लॅपटॉप पात्र ठरतात आणि त्यांना हा बदल मोफत आहे. पात्र नसेल तर वाढीव सुरक्षा अपडेटची योजना आहे. तिची घरच्या वापरकर्त्यांसाठी जाहीर झालेली मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे, आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की पैसे न देता नाव नोंदवता येतं. त्यानंतर त्या लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार करू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. विंडोजच्या जागी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकून तो लिहिण्या-वाचण्याला आणि सिनेमे बघण्याला पुढची काही वर्षं सुखाने चालेल.

अँटिव्हायरस कंपनीवर तरी भरवसा का ठेवायचा?

अँटिव्हायरसला कॉम्प्युटरमधली प्रत्येक फाइल बघायची, कोणताही प्रोग्रॅम थांबवायची मुभा असते. इतके अधिकार फार थोड्या सॉफ्टवेअरला असतात. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचा एक सदोष अपडेट गेला आणि जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळ्या पडद्यावर अडकले. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. ते कंपन्यांसाठीचं सॉफ्टवेअर होतं, घरचं नव्हे. पण घरचा अँटिव्हायरसही कॉम्प्युटरमध्ये तेवढाच खोल रुजलेला असतो.

मुंबईच्या मायक्रोवर्ल्ड कंपनीच्या ई-स्कॅन या अँटिव्हायरसचे अपडेट पूर्वी असुरक्षित जोडणीवरून येत. हल्लेखोरांनी मधल्या मध्ये ते बदलून त्यातूनच मालवेअर घुसवलं. कंपनीने २०२३ मध्ये ही त्रुटी दुरुस्त केली आणि एप्रिल २०२४ मध्ये ॲव्हास्टच्या संशोधकांनी तो सगळा प्रकार जाहीर केला. कॅस्परस्कीवर अमेरिकेने २०२४ मध्ये बंदी घातली ती मात्र चाचणीतल्या गुणांमुळे नव्हे. कंपनी रशियन असल्याने तिथलं सरकार तिच्यावर दबाव आणू शकतं, हे कारण दिलं गेलं.

हे सांगून तुम्हाला घाबरवायचं नाही. एक जादा अँटिव्हायरस टाकणं म्हणजे आणखी एका कंपनीच्या हाती घराच्या चाव्या देणं आहे, तेव्हा त्याबदल्यात खरंच काही मिळतंय का, एवढं विचारा.

जिथे कोणताच अँटिव्हायरस पुरत नाही

सध्या जोरात असलेला एक प्रकार मुद्दाम सविस्तर सांगतो. तुम्ही सिनेमा, सॉफ्टवेअर किंवा नुसतीच एखादी माहिती शोधत एका वेबसाइटवर जाता. तिथे "मी रोबो नाही" अशी नेहमीची चौकट येते. टिक केल्यावर ती सांगते : विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही दाबा, मग एंटर मारा. तीन साध्या पायऱ्या. पण टिक केल्याबरोबर त्या पानाने तुमच्या नकळत एक आज्ञा कॉपी करून ठेवलेली असते. विंडोज आणि आर दाबल्यावर आज्ञा चालवायची खिडकी उघडते, कंट्रोल-व्हीने ती तिथे चिकटते आणि एंटरने इन्फोस्टीलर उतरतो. तुम्ही स्वतःच्या हाताने चालवलेली आज्ञा बघून अँटिव्हायरसही कधी कधी गप्प बसतो. कोणतीही खरी वेबसाइट असं करायला सांगत नाही. घरातल्या प्रत्येकाला हे आजच सांगा.

दुसरा दरवाजा क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरचा. त्याबरोबर येणाऱ्या सूचनांची पहिलीच ओळ बहुधा "आधी अँटिव्हायरस बंद करा" अशी असते. लोक निमूटपणे करतात. फोटोशॉप फुकट मिळालं या आनंदात आणखी काय आत आलं याचा पत्ताच नसतो. अँटिव्हायरसच क्रॅक केलेला टाकणारेही भेटतात, त्यांना काय सांगावं कळत नाही.

तिसरा, फोनवरचा. "बँकेतून बोलतोय, एनीडेस्क टाका" म्हणणाऱ्याला, म्हणजे दुरून तुमचा कॉम्प्युटर बघू-चालवू देणारं ॲप टाकायला लावणाऱ्याला, तुम्ही स्वतः पडदा दाखवता. "डिजिटल अरेस्ट"च्या व्हिडिओ कॉलमध्ये तर मालवेअर नसतंच, तुमची भीती हेच हत्यार असतं. स्क्रीनभर "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस, या नंबरवर फोन करा" असं दिसलं तर ते नुसतं वेबपेज असतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ब्राउझर बंद करा. कोपऱ्यात सारखे "सबस्क्रिप्शन संपलं" असे संदेश येत असतील तर ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये कोणत्या वेबसाइटना नोटिफिकेशनची परवानगी दिली आहे ते बघून ती काढून टाका.

"माझ्याकडे चोरण्यासारखं आहे तरी काय?"

चोर तुम्हाला निवडून येत नाही, तो सगळ्यांनाच जाळ्यात घेतो. लुमा नावाच्या एकाच इन्फोस्टीलरची लागण १६ मार्च ते १६ मे २०२५ या दोन महिन्यांत ३ लाख ९४ हजारांहून अधिक विंडोज कॉम्प्युटरना झाल्याचं मायक्रोसॉफ्टला आढळलं. त्याला तुमचं जीमेल हवं असतं, कारण बँकेपासून डीमॅटपर्यंत सगळ्यांचे पासवर्ड बदलायची लिंक तिथेच येते. आणि रॅन्समवेअरला तर तुमच्या फायली विकायच्या नसतातच. आजीच्या फोटोंची किंमत बाजारात शून्य असेल, तुमच्यासाठी ती काय आहे हे त्याला बरोबर कळतं.

आज संध्याकाळी करता येतील अशा गोष्टी

सगळ्यात आधी बॅकअप. एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या, महत्त्वाचं सगळं तिच्यावर उतरवा आणि काम झाल्यावर ती काढून कपाटात ठेवा. कायम जोडून ठेवली तर रॅन्समवेअर तिलाही कुलूप घालतो. अँटिव्हायरसचे पैसे वाचले असतील तर ते इथे घाला, याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.

विंडोज सिक्युरिटीत "व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन"मध्ये खाली "रॅन्समवेअर प्रोटेक्शन" आहे. तिथलं "कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस" मुळात बंद असतं, ते चालू करा. मग अनोळखी प्रोग्रॅमला तुमच्या डॉक्युमेंट आणि फोटोंच्या फोल्डरमध्ये बदल करता येत नाही. सुरुवातीला एखाद्या चांगल्या प्रोग्रॅमलाही ते अडवेल, त्याला तिथूनच परवानगी देता येते. "ॲप अँड ब्राउझर कंट्रोल"मध्ये नको असलेली ॲप अडवण्याचा पर्यायही चालू आहे का बघा. मुलांसाठी ॲडमिनिस्ट्रेटर नसलेलं वेगळं खातं उघडा. त्यांनी गेमच्या नादात काही उतरवलं तरी पासवर्डशिवाय ते कॉम्प्युटरच्या मुळापर्यंत पोचत नाही.

अँटिव्हायरस जागा आहे का ते तपासायचं असेल तर आयकार ही निरुपद्रवी चाचणी फाइल आयकारच्या वेबसाइटवरून उतरवून बघा. तिच्यात ६८ अक्षरांची एक ओळ असते, बाकी काही नाही. सगळे अँटिव्हायरस तिला ठरवून व्हायरस मानतात. क्षणात आरडाओरडा झाला तर सगळं ठीक आहे.

आधीच काहीतरी शिरलं असेल तर

प्रथम नेट तोडा. मग विंडोज सिक्युरिटीच्या "स्कॅन ऑप्शन्स"मध्ये जाऊन ऑफलाइन स्कॅन चालवा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे आत लपून बसलेल्यालाही हालचाल करता येत नाही. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या वेबसाइटवरही साफसफाईची साधनं मोफत मिळतात. रॅन्समवेअर असेल तर खंडणी भरू नका, नो मोअर रॅन्सम या वेबसाइटवर त्या प्रकाराची किल्ली आधीच उपलब्ध आहे का ते बघा. युरोपोल आणि डच पोलिसांनी सुरक्षा कंपन्यांसोबत २०१६ मध्ये ती सुरू केली आणि ती पूर्ण मोफत आहे.

खात्यातून पैसे गेले असतील तर बाकी सगळं सोडून १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर तक्रार होईल तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त. पासवर्ड बदलायचे ते त्या कॉम्प्युटरवरून नव्हे, फोनवरून किंवा दुसऱ्या स्वच्छ कॉम्प्युटरवरून. सुरुवात ईमेलपासून करा आणि प्रत्येक ठिकाणी "सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट" हा पर्याय दाबा. इन्फोस्टीलर पासवर्डसोबत तुमचं चालू लॉगिनही उचलून नेतो, आणि नुसता पासवर्ड बदलल्याने ते दर वेळी बंद होतंच असं नाही.